पी हळद अन् हो गोरी!

शाळेत असताना म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न हमखास असायचा. त्यात "पी हळद अन् हो गोरी" ही म्हण तर ठरलेलीच. अर्थ काय? तर उपाय आत्ता केला आणि गुणही आत्ताच पाहिजे, असा उतावीळपणा. तेव्हा पाठ केली, मार्क घेतले आणि विसरून गेलो. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हीच म्हण माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर येऊन बसली. ती कशी, तेच आज सांगायचं आहे.

माझं गाव हट्टा. हिंगोली जिल्हा, वसमत तालुका. परभणीहून वसमतला जाताना लागतं. आमच्याकडे हळद म्हणजे नुसता मसाल्याच्या डब्यातला एक कप्पा नाही. हळद म्हणजे बहिणीचं लग्न, हळद म्हणजे बोअरवेल, आणि हळद म्हणजे माझी कॉलेजची फी! मार्च-एप्रिलमध्ये या कधी. शेतात कुकर लावून हळद शिजवणं चालू असतं, मोकळ्या जागेत हळकुंडं वाळत पडलेली असतात, पॉलिशच्या ढोलाचा खडखडाट असतो, आणि माणसांचे हातपाय, कपडे, सगळं पिवळं झालेलं असतं. मग हा माल वसमतच्या मोंढ्यात नाहीतर हिंगोलीच्या मार्केट यार्डात जातो. तिथं भाव ठरतो आणि आमचं वर्ष ठरतं.

तर झालं असं की, माझ्या काकूच्या बचत गटानं ठरवलं, कच्चा माल व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा थोडी हळद आपणच दळायची आणि पाव-पाव किलोची पाकिटं करून विकायची. विचार चांगलाच होता. आता पाकीट म्हटलं की लेबल आलं, आणि घरात इंजिनिअरिंगला पोरगा असेल तर लेबल त्यानंच करायचं, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. (टीव्ही बिघडला, मोटार बंद पडली, मोबाइल हँग झाला, तरी हाच नियम!) मी लॅपटॉप उघडून बसलो. पाच-सहा बायका भोवती बसल्या. एकजण म्हणाली, "लिही, रोगप्रतिकारशक्ती वाढविते." दुसरी म्हणाली, "शुगरवर गुणकारी." तिसरी म्हणाली, "सांधेदुखी लिही, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतंय." आणि शेवटी काकू म्हणाली, "कॅन्सर पण लिही रे. मोबाइलवर आलं होतं."

मी टाईप करत गेलो. लेबल भरलं. हळद कुठली, किती वजनाची, कधी दळली हे लिहायला जागाच उरली नाही! तेव्हा मी थांबलो. म्हटलं, "काकू, हे आपण कशावरून लिहायलोत? कुणी विचारलं तर?"

काकूनं दिलेलं उत्तर मी अजून विसरलो नाही. ती म्हणाली, "टीव्हीवर ते डब्यावाले म्हणतेत, दूध-पावडर पिऊन लेकरू उंच होतंय, हुशार होतंय. त्यांना कुणी विचारतंय का? मग आम्हालाच का विचारायलास?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

उत्तर शोधताना मला पहिली आठवण झाली ती आपल्याच हॉस्टेलची. पहिल्या वर्षाला होतो. पावसाळ्याचे दिवस. माझ्या रूममेटला जुलाब सुरू झाले. आता हॉस्टेलवर जुलाब म्हणजे काही जगावेगळं नाही. मेसचं पाणी, टपरीवरची चटणी, कारण काहीही असो. आम्ही दोघं पोरं धावत मेडिकलवर गेलो आणि "ओआरएस द्या" म्हणालो. दुकानदारानं तयार, थंडगार, फळाच्या चवीचा डबा दिला. त्यावर ठळक अक्षरात ती तीन अक्षरं होती. पुडी कालवायची कटकट नाही! आम्ही चार डबे घेतले. रात्रभर तो तेच पीत होता आणि रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या वाढतच होत्या. पहाटे त्याला चक्कर आली तेव्हा रेक्टर सरांनी गाडी काढली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि रिकामा डबा हातात घेऊन विचारलं, "हे कुणी पाजलं?" मग त्यांनी डब्याच्या मागच्या बाजूवर बोट ठेवलं. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की, हे जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेलं ओआरएस नाही!

म्हणजे पुढे मोठ्ठं "ओआरएस" आणि मागे बारीक "ओआरएस नाही". लॉजिक गेटवाल्यांनी सांगावं, याचं आउटपुट काय येतं? आमच्याकडे आलं ते सलाईन.

यातलं शास्त्र थोडक्यात सांगतो. खऱ्या ओआरएसच्या एक लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. एकूण 20.5 ग्रॅम. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं. 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे साधं मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याच्या रुग्णांचे प्राण वाचवले. पण साखर प्रमाणाबाहेर गेली की गणित उलटतं. परासरण म्हणजे ऑस्मॉसिस आपण अकरावीत शिकलो. आतड्यात साखर दाट झाली की पाणी शरीरात जाण्याऐवजी शरीरातून आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. फळाच्या चवीच्या त्या डब्यांमध्ये साखर खऱ्या ओआरएसच्या कित्येक पट होती. औषधाचं नाव लावलेलं ते सरबत होतं.

या तीन अक्षरांची लढाई हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं लढली. आता सरकारची गंमत बघा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, जुलै 2022 मध्ये कंपन्यांना सवलत दिली की, नावात "ओआरएस" वापरा, फक्त "हे ओआरएस नाही" अशी सूचना छापा. फेब्रुवारी 2024 मध्ये तेच पुन्हा सांगितलं. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ही सवलत मागे घेतली. औषधाच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात ही अक्षरं पुढे-मागे कुठेही जोडायची नाहीत, असा आदेश निघाला. कंपन्या लगेच दिल्ली उच्च न्यायालयात धावल्या. माझा रूममेट हा आदेश वाचून एवढंच म्हणाला, "जरा लवकर काढायला काय झालं होतं?"

आता कुणी म्हणेल, देशात कायदाच नाही का? आहे, आणि चांगला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 सालचा. त्याच्या कलम 24 प्रमाणे दिशाभूल करणारी अन्नाची जाहिरात करता येत नाही, आणि कलम 53 प्रमाणे त्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. 2018 साली जाहिरात आणि दाव्यांबद्दल वेगळे नियम आले आणि जुलै 2019 पासून लागू झाले. हे नियम वाचताना मला आपल्या डिझाईन डेटा बुकची आठवण झाली, कारण प्रत्येक विशेषणाला आकडा दिलाय. "साखरमुक्त" म्हणायचं असेल तर 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त नको. "कमी साखर" म्हणायचं तर घन पदार्थात 5 ग्रॅमपर्यंत. "कमी फॅट" म्हणजे 3 ग्रॅमपर्यंत. तंतूंचा स्रोत म्हणायचं तर किमान 3 ग्रॅम तंतू, आणि "भरपूर तंतू" म्हणायचं तर 6 ग्रॅम. रोग बरा होतो किंवा टळतो असं खाण्याच्या वस्तूवर खास परवानगीशिवाय लिहायचं नाही. डॉक्टरांनी शिफारस केलेलं, असंही लिहायचं नाही.

त्याशिवाय 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याखाली 2020 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. फसव्या जाहिरातीला 10 लाख, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत दंड. जाहिरातीत हसत उभ्या राहणाऱ्या सिनेनटालाही दंड, आणि वर्षभर जाहिरात करायला बंदी होऊ शकते. मुंबईत 1985 पासून जाहिरात मानक परिषद आहे, पण ती उद्योगानं स्वतःच स्वतःवर नेमलेली. म्हणजे व्हायवा घेणारा आणि देणारा एकाच बॅचचा!

एवढं सगळं असून फसवणूक होते कशी? इथे आपण इंजिनिअरांनी नीट लक्ष द्यायला हवं. कारण फसवणारं पाकीट बहुतेक वेळा खोटं बोलतच नाही. ते सोयीचं खरं बोलतं.

पहिलं उदाहरण आपल्या रात्री दोनच्या अन्नदात्याचं, म्हणजे मॅगीचं. (केटलमध्ये करू नका हो, रेक्टर सर वाचताहेत!) 5 जून 2015 रोजी एफएसएसएआयनं मॅगीच्या नऊ प्रकारांवर बंदी घातली. गाजलं ते शिसं. पण आदेशातला दुसरा आक्षेप माझ्या मते जास्त शिकण्यासारखा होता. पाकिटावर लिहिलं होतं, "एमएसजी घातलेलं नाही." कंपनीचं म्हणणं असं की, आम्ही वरून घातलेलं नाही. पण शेंगदाण्याची प्रथिनं, कांदा पावडर, गव्हाचं पीठ यांच्यात ग्लुटामेट आपसूकच असतं. शब्द खरा, पण घेणाऱ्याच्या डोक्यात उमटणारा अर्थ वेगळा. पुढे कंपनीनं तो मजकूर काढायचं मान्य केलं.

बंदीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 13 ऑगस्ट 2015 रोजी न्यायालयानं बंदीच रद्द केली. का? कंपनीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं नव्हतं, आणि ज्या प्रयोगशाळांत चाचण्या झाल्या त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती. न्यायालयानं मोहाली, जयपूर आणि हैदराबाद इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्यानं तपासणी करायला लावली. शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली. हा निकाल वाचून काहीजण "कंपनी जिंकली" म्हणाले, काही "सरकार हरलं" म्हणाले. मला वाटतं, जिंकली ती एकच गोष्ट: पुरावा. पाकिटानं दावा केला तर पाकिटानं पुरावा द्यावा, आणि सरकारनं आरोप केला तर सरकारनंही पुरावा द्यावा. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये निरीक्षण कोरं ठेवून नुसता रिझल्ट लिहिला, तर सर जर्नल फेकून देतात की नाही? तसंच.

दुसरं उदाहरण "हेल्थ ड्रिंक" या शब्दाचं. लहानपणापासून आपण ऐकत आलो. पण एप्रिल 2024 मध्ये सरकारनं ऑनलाईन विक्रेत्यांना कळवलं की, बोर्नव्हिटासारखी पेयं या कप्प्यात दाखवू नका, कारण अन्न सुरक्षा कायद्यात "हेल्थ ड्रिंक" अशी व्याख्याच नाही! म्हणजे ज्या शब्दावर पिढ्यानपिढ्या डबे खपले, तो शब्द कायद्याच्या पुस्तकात कधी नव्हताच. जून 2024 मध्ये पुढचा आदेश आला. आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयावर "शंभर टक्के फळांचा रस" लिहायचं नाही.

तिसरं उदाहरण आकड्यांचं. समजा बिस्किटाच्या 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम साखर आहे. पाकिटावर "एका वाढपात फक्त 5 ग्रॅम" असं छापलं, आणि वाढप म्हणजे 20 ग्रॅम, असं कोपऱ्यात लिहिलं. गणित अचूक! पण सबमिशनच्या रात्री चहासोबत 20 ग्रॅमवर थांबणारा माणूस आपल्या हॉस्टेलमध्ये कुणी पाहिलाय का? अख्खा पुडा जातो. तेव्हा मित्रांनो, युनिट न बघता उत्तर लिहायचं नाही, हे सर उगाच सांगत नाहीत.

इथे कुणी विचारेल की, हे नियम कडक झाले तर आपल्या परंपरेचं, आजीबाईच्या बटव्याचं काय? प्रत्येक गोष्टीला लॅबचा शिक्का आणायचा का? आक्षेप रास्त आहे. देशी गायीच्या "ए-टू" दूध-तुपाचंच घ्या. 21 ऑगस्ट 2024 रोजी एफएसएसएआयनं सांगितलं की, "ए-वन", "ए-टू" असे दावे पाकिटावरून काढा, आणि 26 ऑगस्टला तोच आदेश मागे घेतला! पाच दिवसांत. आमच्या मेसचा मेनूसुद्धा इतक्या लवकर बदलत नाही. अशा धरसोडीनं शेतकऱ्याचाही विश्वास उडतो आणि गिऱ्हाईकाचाही.

पण परंपरा आणि पुरावा यांचं वैर नाही, हे सांगायला हळदीइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला "जखम भरण्यासाठी हळद" यावर पेटंट मिळालं होतं. आपण काय केलं? डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेनं "आमची आजी लावायची हो!" असं म्हणून रडगाणं गायलं नाही. संस्थेनं 32 संदर्भ गोळा केले. त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला 1953 सालचा लेखही होता. ते अमेरिकेच्या पेटंट कार्यालयासमोर ठेवले, आणि 1997 साली पेटंट रद्द झालं. आजीचं ज्ञान वाचलं ते लिहून ठेवलेल्या पुराव्यामुळे. मग तीच हळद विकताना आपण पुरावा मागू नका म्हणायचं, हे कसं चालेल?

आणि पुरावा काय सांगतो? हळदीत करक्युमिन साधारण 2 ते 5 टक्के. प्रयोगांमध्ये बहुतेक वेळा वापरतात तो काढलेला अर्क, भाजीतली चिमूटभर हळद नाही. शिवाय करक्युमिन रक्तात फारच कमी शोषलं जातं. 2017 साली औषधी रसायनशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकात शास्त्रज्ञांनी करक्युमिनवरच्या 120 हून जास्त मानवी चाचण्यांचा आढावा घेतला. खऱ्या कसोटीला उतरलेली, रोग्याला नक्की फायदा दाखवणारी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. याचा अर्थ हळद वाईट असा नाही. हळद उत्तम मसाला आहे, भाजीला रंग देते, चव देते, आमच्या तालुक्याला पैसा देते. पण कॅन्सरच्या रोग्यानं काकूचं पाकीट वाचून औषध बंद केलं तर? शुगरचा माणूस गोळी सोडून हळद-दूध पीत बसला तर? त्याचं पाप कुणाच्या माथी? तेव्हा कळलं की म्हण किती शहाणी आहे. "पी हळद अन् हो गोरी" म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना हळदही माहीत होती आणि जाहिरातही!

आता मुख्य मुद्द्यावर येतो. माझ्या मते या सगळ्यात एक भोक राहिलं आहे, आणि ते आपल्या भाषेचं आहे.

टीव्हीवर जाहिरात मराठीत येते. आई मराठीत ऐकते, आजी मराठीत ऐकते. "मुलांच्या वाढीसाठी", "हृदयाची काळजी", सगळं कसं गोड मराठीत! पण दुकानातून पाकीट आणलं की साखर किती, मीठ किती, तेल कुठलं हे इंग्रजीत, तेही मुंगीच्या अक्षरात. नियम असा आहे की लेबलवरची आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की झालं. राज्याची भाषा घातली तर हरकत नाही, पण सक्ती नाही. 2022 साली महाराष्ट्रात सगळ्या दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात असा कायदा झाला. छान झालं. पण दुकानाची पाटी वाचून कुणाचं पोट बिघडत नाही. बिघडतं ते आतल्या पाकिटामुळे!

जाहिरातींसाठी मात्र एक चांगलं तत्त्व आधीच लिहून ठेवलेलं आहे. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलंय की, दावा ज्या भाषेत केला, खुलासाही त्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत द्यायचा. किती साधी गोष्ट! माझी मागणी एवढीच आहे की, हेच तत्त्व पाकिटाला लावा. ज्या कंपनीनं मराठीत जाहिरात केली, तिनं महाराष्ट्रात विकायच्या पाकिटावर साखर, मीठ, फॅट हे तीन आकडे मराठीत, पुढच्या बाजूवर, वाचता येतील अशा अक्षरांत छापावेत. दावा पुढे असेल तर हिशेबही पुढेच.

कंपन्या म्हणतील, इतक्या भाषा छोट्या पाकिटावर मावायच्या कशा? मग ज्या चार शब्दांचा दावा मावतो, त्याच्या शेजारी तीन आकडेही मावतील. आणि शब्द मावत नसतील तर खूण वापरा. शाकाहाराचा हिरवा ठिपका बघा. चौकोनात ठिपका. माझ्या आजीला एक अक्षर वाचता येत नाही, पण हट्ट्याच्या दुकानात ती पाकीट उलटंसुलटं करून तो ठिपका शोधते आणि मगच घेते. हिरव्या ठिपक्याला भाषा लागत नाही. मग जास्त साखरेला, जास्त मिठाला अशी खूण का नको? दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानं 2016 पासून अशा पाकिटांवर काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली आहे. आपल्याकडेही एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाकिटाच्या पुढच्या बाजूवरच्या इशाऱ्याबद्दल तीन महिन्यांत शिफारशी द्या, असं तज्ज्ञ समितीला बजावलं होतं. इशारा कसा असावा यावर वाद होऊ शकतो. पण माझ्या आजीला कळेल असा असावा, यावर वाद नको.

आणि दंड? 10 लाख रुपये म्हणजे हट्ट्यात चांगलं पक्कं घर. मोठ्या कंपनीला मात्र तो चहा-पाण्याचा खर्च! दंड विक्रीच्या टक्केवारीत असावा. म्हणजे बचत गटाला तो झेपेल आणि कंपनीला तो टोचेल.

हे सगळं सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपण काय करायचं? फार काही नाही. जुलाब झाले तर मेडिकलवर "ओआरएसची पुडी" मागा, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का बघा आणि सांगितलेल्या मापाच्या पाण्यात कालवा. सरकारी दवाखान्यात ही पुडी फुकट मिळते. पाकीट घेतलं की आधी उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, पहिल्या तीनांत साखर आली की समजून जा. दावा खोटा वाटला तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार करता येते. आणि मेस कमिटीच्या मित्रांनो, मेसमध्ये येणाऱ्या तेलाचे, मसाल्याचे, सॉसचे डबे फेकण्याआधी एकदा त्यांची मागची बाजू नोटीस बोर्डावर लावा की! क्रिकेटच्या स्कोअरपेक्षा जास्त वाचली जाईल.

असो. लेबलाचं काय झालं, ते राहिलंच.

मी काकूला कायदा समजावून सांगितला. म्हटलं, "काकू, तुझं बरोबर आहे. त्यांनाही विचारलं पाहिजे. पण आपण खोटं लिहिलं, तर त्यांना विचारायचं तोंड आपल्याला राहणार नाही." बायका जरा हिरमुसल्या. एकजण म्हणाली, "मग आपल्या पाकिटावर लिहायचं तरी काय?" मी म्हटलं, "शंभर टक्के शुद्ध लिहू." नंतर वाचलं तर मे 2025 मध्ये एफएसएसएआयनं "शंभर टक्के" हा शब्दच लेबलवर वापरू नका असं सांगितलेलं! तो शब्द खोडला. "शुद्ध" ठेवला, कारण एकच घटक असेल आणि वरून काही घातलं नसेल तर तो चालतो. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते लिहू म्हटलं, तर त्यासाठीही अधिकृत वापरकर्ता म्हणून रीतसर नोंदणी लागते. तेही बाजूला ठेवलं. नोंदणी झाली की लिहायचं ठरलं.

शेवटी छापलं ते असं: हळद पावडर. घटक, फक्त हळद. रंग घातलेला नाही. शेत हट्टा शिवारातलं. अमुक तारखेला शिजवली, अमुक तारखेला दळली. वजन 250 ग्रॅम. खाली 14 अंकी नोंदणी क्रमांक. सगळं मराठीत, पुढच्या बाजूवर, ठळक. काकूनं पाकीट हातात घेतलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "हे बाकी मला सगळं वाचता आलं."

बस्स! पाकिटाकडून आणखी काय पाहिजे?

— एक हट्टेकर, यंत्र अभियांत्रिकी विभाग